जुन्या अँबेसेडरचं इंजिन ठोकतंय? आधी कान लावा, मग पाना

विदर्भातल्या कितीतरी वाड्यांत, कोठ्याला लागून असलेल्या पडवीत, आजही एखादी अँबेसेडर उभी दिसते. दिवाळीला धुऊन निघते, लग्नात नवरदेवाला घेऊन जाते, आणि पुन्हा चार महिने ताडपत्रीखाली. मग एक दिवस सुरू केली की इंजिनातून आवाज. टिकटिक म्हणा, खडखड म्हणा, ठोका म्हणा. गावातला मिस्त्री दोन मिनिटं ऐकतो आणि सांगतो, "इंजिन काढा लागते." काही वेळा ते खरंही असतं. पण ज्या आवाजांनी मालकाची झोप उडते, त्यातले बरेच आवाज फॅनच्या पट्ट्यापासून टॅपेटपर्यंतच्या भागातून येतात आणि घरच्या घरी निघतात. आवाज कुठून येतो ते ठरल्याशिवाय हेड (इंजिनाचा वरचा भाग) किंवा चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उघडायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर निम्मा खर्च वाचतो.

खालची माहिती पेट्रोलच्या 1489 सीसी इंजिनाची आहे. म्हणजे साइड व्हॉल्व्हचं इंजिन जाऊन अँबेसेडरला जे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं आलं आणि मार्क 2, मार्क 3, मार्क 4 मध्ये राहिलं, ते बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी सीरिजचं. चार सिलिंडर, तीन मेन बेअरिंग, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. फियाट किंवा जीप असेल तर शोधायची रीत हीच, आकडे मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्या. डिझेल अँबेसेडरचा मूळ आवाजच ठोक्याचा असतो, तिला या लेखातल्या खुणा जशाच्या तशा लावू नका.

सुरुवातीची तयारी

गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. पडवीत धूर कोंडतो, म्हणून गाडी अंगणात काढूनच इंजिन चालवा. डोक्याला किंवा गळ्यात दुपट्टा असेल तर तो सोडून बाजूला ठेवा. बॉनेटखाली वाकल्यावर त्याचं टोक नेमकं फॅनकडेच लोंबतं.

हत्यारं फार लागत नाहीत. इंची पान्यांचा सेट (7/16, 1/2, 9/16), फिलर गेज, रुंद पात्याचा पेचकस, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचा एक लांब पेचकस आणि मीटरभर रबरी नळी. मिलिमीटरचे पाने "जवळपास बसतात" म्हणून वापरू नका. 13 चा पाना 1/2 इंचाच्या नटावर बसतो खरा, पण घट्ट नटाचे कोपरे तोच खातो.

इंजिन चालू करायच्या आधी तीन गोष्टी पाहा. पहिली, ऑइल: काडी पुसून पुन्हा घाला, पातळी पाहा, ऑइल बोटांत चोळा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं तर आधी ऑइल बदला आणि ऑइलमध्ये पेट्रोल का उतरतंय ते शोधा. तशा ऑइलवर ऐकलेला कोणताच आवाज विश्वासाचा नाही. दुसरी, रेडिएटरमधलं पाणी. तिसरी, गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि हँडलने इंजिन चार-पाच फेरे हाताने फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीला वळसा घालू नका. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो.

आता ऑइलचं प्रेशर. आवाज किती गंभीर आहे ते कानाच्या आधी हा काटा सांगतो. गरम इंजिनाला रस्त्यावर साधारण 40 ते 60 पौंड (दर चौरस इंचाला) आणि आयडलला 15 ते 25 पौंड दिसलं तर बेअरिंग बहुतेक शाबूत आहेत. डॅशबोर्डवरचा काटा चाळीस-पन्नास वर्षांचा असतो, तो खोटंही बोलतो. शंका आली तर त्याच जोडावर गॅरेजमधला चांगला गेज लावून ताडून पाहा. खोल ठोका आणि गरम असताना पडलेलं प्रेशर, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी ओढत न्या. "गावापर्यंत हळूहळू जातो" म्हणत काढलेले पाच किलोमीटर क्रँक खाऊन टाकतात. दहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंडिंगवर निभलं असतं, तिथे तीस थाऊ घासावे लागतात.

आवाज केव्हा येतो, तेच अर्धं निदान

मिस्त्रीकडे जायच्या आधी कागदावर लिहा: आवाज थंड असताना की गरम झाल्यावर? आयडलला, रेस देताना, की एक्सलेटर सोडताना? चढावर की सपाटीवर? क्लच दाबला की बदलतो का? "भाऊ, थंडी असली का आवाज नाही येत, गरम झाली का चढावर ठोका देते" असं नेमकं सांगितलंत तर चांगला मिस्त्री तिथेच निम्म्या शंका गाळतो.

आपल्याकडच्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो तेव्हा पहाटेचं इंजिनसुद्धा खऱ्या अर्थाने थंड नसतं. त्यामुळे पिस्टनचा थंडीतला आवाज उन्हाळ्यात लपून राहतो आणि डिसेंबरात एकदम "इंजिन गेलं" असं वाटतं. उलट ढिल्या बेअरिंगचा ठोका डिसेंबरात दबलेला असतो आणि मे महिन्यात दुपारी ऑइल पातळ झालं की बाहेर पडतो. म्हणून बेअरिंगची परीक्षा दुपारी, वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर करा, आणि पिस्टनची परीक्षा हिवाळ्याच्या पहाटे.

दुसरी खूण आवाजाच्या गतीची. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. टॅपेट, रॉकर, पुशरॉड (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) यांचा आवाज म्हणून सावकाश, मोजता येईल असा टिक… टिक… येतो. बेअरिंग आणि गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) ठोका क्रँकच्या गतीने पडतो, जवळपास दुप्पट वेगात. आयडल जरा कमी करून एका हाताने मांडीवर ताल धरला तर फरक पाच मिनिटांत कळतो.

बाहेरून आत या

फॅनबेल्ट काढा आणि इंजिन जास्तीत जास्त एक मिनिट चालवा. पट्टा नसला की वॉटर पंप फिरत नाही, म्हणून त्याहून जास्त नको. आवाज गेला तर दोष वॉटर पंपाच्या बेअरिंगात, डायनॅमोत, फॅनच्या पात्यात किंवा सैल पुलीत आहे, इंजिनात नाही. फॅनचं पातं धरून पुढे-मागे हलवा. वॉटर पंपाचा शाफ्ट हलताना जाणवला तर पंप बदला. पंपाच्या पोटाखालच्या छोट्या भोकातून पाणी झिरपत असेल तर तो जायच्याच बेतात आहे. डायनॅमोच्या मागच्या टोकाला तेल टाकायचं बारीक भोक असतं, तिथे दोन-तीन थेंब इंजिन ऑइल पुरे. जास्त टाकलं तर ते कॉम्युटेटरवर पसरतं आणि चार्जिंग बंद पडतं. पट्टा परत बसवताना लांब बाजूच्या मधोमध दाबून अर्धा इंच ढिलाई ठेवा. पट्टा फार ताणला की तोच पंपाचं बेअरिंग खातो.

पट्टा काढूनही आवाज तसाच असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तपासा. पॅकिंग फुटलं की तिथून येणारी फट-फट हुबेहूब टॅपेटसारखी वाटते, आणि टॅपेट पुन्हापुन्हा सेट करूनही आवाज का जात नाही म्हणून माणूस हैराण होतो. थंड इंजिनात हा आवाज मोठा असतो. लोखंड तापून पसरलं की कमी होतो. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडावरून फिरवा. गळतीपाशी फुसफूस थेट कानात येते. जोडाच्या कडेला काळी काजळी दिसली तर शंकाच नको. गळती शोधायला उदबत्ती लावायची सवय काहींना असते, इथे ती अजिबात नको: या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. पॅकिंग बदलण्याआधी मॅनिफोल्डच्या तोंडावर पट्टी धरून पाहा. वाकलेला निघाला तर लेथवर तोंड सपाट करून घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही महिन्याभरात जळेल.

काही आवाज दोष नसतातच. एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असेल तर चावी फिरवल्यावर तो टक-टक-टक करतो आणि कार्ब्युरेटर भरलं की मंदावतो. इंजिन बंद असतानाही तो सतत टकटकत राहिला तर मात्र कुठेतरी हवा ओढतोय किंवा पेट्रोल गळतंय. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या काळचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्यात फुगतात, चिरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पाइप इथेनॉलला टिकणारे घ्या आणि टाकीत जुनं पेट्रोल पडून ठेवू नका.

क्लच दाबल्यावर कर्र असा आवाज आला तर रिलीज बेअरिंग. हे बेअरिंग गोळ्यांचं नाही, कार्बनच्या कड्याचं आहे. पाय सतत क्लचवर ठेवायच्या सवयीने ते झिजतं. क्लच दाबताना आवाज उलट कमी झाला किंवा त्याचा सूर बदलला तर क्रँकचा एंड फ्लोट तपासायला घ्या, त्याबद्दल पुढे.

टॅपेट: सगळ्यात जास्त बदनाम, सगळ्यात सोपं

वरून, टॅपेट कव्हरखालून येणारी बारीक एकसारखी टिकटिक, थंड-गरम दोन्हीत, रेस दिली की तेवढीच जलद. लांब पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरच्या नटावर ठेवा आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला टेकवा. टोक पुढून मागे सरकवत गेलात की ज्या जागी आवाज टणक आणि जवळचा वाटतो तिथलाच व्हॉल्व्ह.

या इंजिनाचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बहुतेक मॉडेलना 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी. थंड की गरम इंजिनावर ठेवायचा, ते मॅन्युअलमध्ये पाहून एकच पद्धत धरा, दोन्ही मिसळू नका. कव्हरचे दोन नट काढा आणि प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हँडलने सहज फिरतं. रेडिएटरच्या बाजूने व्हॉल्व्हना 1 ते 8 आकडे द्या. आता नऊचा हिशोब: जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे त्याचा आकडा नवातून वजा करा, जो उरेल त्याचा गॅप मोजा. 8 दाबलेला असेल तर 1 सेट करा. 6 दाबला तर 3, 4 दाबला तर 5, 7 दाबला तर 2, मग 1 ला 8, 3 ला 6, 5 ला 4 आणि 2 ला 7. या क्रमाने हँडलच्या दोन फेऱ्यांत आठही होतात. लॉक नट 1/2 इंची पान्याने सैल करा, पेचकसाने स्क्रू फिरवा, फिलर गेजची पट्टी हलकी घासत निघाली पाहिजे. नट कसल्यावर पुन्हा मोजा, कारण कसताना स्क्रू थोडा फिरतोच.

इथे एक फसगत नेहमी होते. रॉकरच्या ज्या तोंडाने व्हॉल्व्ह दाबला जातो तिथे वर्षानुवर्षं घासून छोटा खळगा पडतो. फिलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावर पूल टाकल्यासारखी बसते. पट्टी 15 थाऊ दाखवते आणि खरा गॅप 20-22 असतो. सेटिंग बरोबर, तरी टिकटिक कायम. अशा वेळी गॅप आणखी कमी करून आवाज दाबायचा मोह होतो, तो टाळा. गॅप कमी पडला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळतो, आणि बिनआवाजाचं इंजिन चढावर दम सोडतं. टॅपेट जरासं वाजलेलं परवडतं, पूर्ण गप्प झालेलं नाही. उपाय म्हणजे रॉकर काढून तोंड ग्राइंड करणं किंवा रॉकर बदलणं.

रॉकर हाताने वर-खाली हलवला आणि शाफ्टवर ढिलाई जाणवली तर शाफ्ट आणि बुश झिजलेत. शाफ्टची खालची बाजू आधी झिजते, वरून पाहिलं तर तो नवाच दिसतो. काढायचा झाल्यास हे ध्यानात ठेवा: रॉकरच्या पायांवरचे चार मोठे नट हेडचेच नट आहेत. तेवढे चारच सोडले तर हेड एका बाजूने वाकतं आणि पॅकिंग फुटतं. म्हणून आधी रेडिएटरमधलं पाणी काढा, मग हेडचे सगळे 11 नट थोडे थोडे, आळीपाळीने ढिले करा. परत कसताना मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, 40 फूट-पौंडापर्यंत. शाफ्ट उघडलाच आहे तर त्याच्या टोकाची बुचं काढून आतला गाळ तारेने साफ करा आणि हेडमधून ऑइल वर आणणारं भोक हवेने फुंका. रॉकर कोरडे राहिले तर नवा शाफ्टही वर्षभर टिकत नाही.

पुशरॉड काढताना सरळ वर ओढू नका. खालचा टॅपेट ऑइलच्या चिकटपणाने त्याच्यासोबत वर येतो आणि सुटून पडतो. पुशरॉड बोटांनी गोल फिरवून, झटका देऊन मोकळा करा, मग उचला. काढलेले पुशरॉड खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून आकड्यांनुसार खोचून ठेवा. एकाच व्हॉल्व्हची टिकटिक सगळं करूनही राहिली तर इंजिनाच्या बाजूच्या झाकणांतून टॅपेट काढून पाहा. तळ खरवडलेला किंवा खड्डे पडलेला असेल तर कॅमचा तो भागही गेलेला असतो, आणि जुन्या कॅमवर नवा टॅपेट बसवून उपयोग नाही.

टायमिंग चेन, आणि पिंकिंग

इंजिनाच्या अगदी पुढे, पुलीच्या मागे, साखळी हलल्यासारखी खळखळ, विशेषतः रेस सोडताना, म्हणजे टायमिंग चेन लांबली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटरकडे पाहत हँडल पुढे-मागे करा. पुली बरीच हलून मगच रोटर हलला तर शंका पक्की. चेन बदलताना दोन्ही गिअरचे दात पाहा, टेंशनर असेल तर तोही बदला, आणि गिअरवरच्या खुणा समोरासमोर आणून मगच जुनी चेन उतरवा.

पिंकिंगचा आवाज वेगळाच: चढावर, वरच्या गिअरमध्ये, एक्सलेटर दाबला की काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखी किणकिण. इथे झिजलेलं काही नाही, पेट्रोल वेळेआधी पेटतंय. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.015 इंच आहे का पाहा, मग टायमिंग थोडं मागे घ्या. तरीही राहिलं तर हेडमधला कार्बन आणि इंजिनाचं तापणं, या दोन्हींकडे पाहा. चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार गचके देत असेल तर बहुतेक कार्बनच.

तापण्याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये पडलेलं असतं. ब्लॉकच्या मागच्या भागात, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवती, क्षार आणि गंज यांचा थर बसतो. पुढचे सिलिंडर ठीक, मागचा भाजतो, आणि पिंकिंग, पिस्टनचं घासणं, हेड पॅकिंग फुटणं हे सगळं तिथेच सुरू होतं. ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडायचा नळ उघडा. पाणी न येता गाळाने बंद असेल तर तारेने मोकळा करा. आठ-दहा लिटर पाण्यात पाव किलो लिंबूसत विरघळवून भरा, इंजिन गरम होऊ द्या, वीस-पंचवीस मिनिटं चालवून थंड झाल्यावर सोडा. मग थोडा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. त्यानंतर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी आणि कूलंट. लिंबूसताने थर निघाल्यावर जुने पाइप किंवा आधीच सडलेला रेडिएटर गळू शकतो, म्हणून लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी हे करू नका. "गरम होते" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा रिवाज आहे, तो चुकीचा. त्याने हिवाळ्यात इंजिन थंडच राहतं, ऑइलमध्ये चिखल साचतो आणि पिस्टन लवकर झिजतो.

आतले ठोके: प्लग तोडून ओळखा

आता गंभीर आवाज. कार्ब्युरेटरच्या आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते आधी पाहा. आयडल थोडं वाढवा, कोरड्या लाकडी मुठीचा पेचकस घ्या, त्याची दांडी हेडला टेकवून तीच प्लगच्या वरच्या टोकाला लावा. त्या सिलिंडरचा करंट हेडमध्ये जातो आणि सिलिंडर बंद पडतो. वायर नुसती ओढून हवेत सोडू नका, कॉइलवर ताण येतो. यालाच प्लग तोडणं म्हणतात. एकेक सिलिंडर असा बंद करत ऐका.

बिग एंड (रॉडचं क्रँकवर बसणारं मोठं टोक): खणखणीत, धातूचा ठोका. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात असताना एक्सलेटर अगदी किंचित सोडला, म्हणजे इंजिन ना ओढतंय ना अडवतंय, तेव्हा सर्वात स्पष्ट. त्या सिलिंडरचा प्लग तोडला की ठोका एकदम मऊ होतो किंवा जातो.

मेन बेअरिंग: खोल, जड धडधड, पायाखाली जाणवणारी, लोड आला की वाढणारी. एक प्लग तोडून फारसा फरक पडत नाही. शेजारचे दोन तोडले तर कमी होते. प्रेशर जवळजवळ नेहमीच खाली असतं.

गजन पिन: आयडलला तीक्ष्ण दुहेरी टक-टक, प्लग तोडला की कमी न होता बदलते, कधी वाढते. या इंजिनात पिन रॉडच्या छोट्या टोकात बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट ढिला झाला तर पिन सरकून बोअरला उभा चरा पाडते, म्हणून हा आवाज बारीक असला तरी दुर्लक्ष करू नका.

पिस्टन स्लॅप (ढिला पिस्टन बोअरवर आपटणं): थंड इंजिनात पोकळ, मातीच्या मडक्यावर टकटक केल्यासारखा, पाच-दहा मिनिटांत विरतो. संशयित सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडा, हँडलने फिरवा, प्लग लावून सुरू करा. आवाज थोडा वेळ गेला आणि परत आला तर स्लॅपच. गरम झाल्यावर पूर्ण जात असेल, कॉम्प्रेशन बरोबर असेल आणि धूर नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. त्यासाठी बोअर करायची घाई नको.

सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल तर रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल खाली उतरतंय. नवा फिल्टर आणि 20डब्ल्यू-50 मिनरल ऑइल आधी टाका. फिल्टरसह साधारण चार लिटर लागतं. ठोका दाबायला घट्ट ऑइल किंवा दुकानातली "इंजिन शांत" करणारी बाटली ओतू नका. ती आवाज लपवते, बेअरिंगची झीज तशीच चालू राहते, आणि गाडी विकणारेच तिचा जास्त वापर करतात.

चेंबर उघडायची वेळ आली तर

ऑइल गरम असतानाच स्वच्छ पांढऱ्या घमेल्यात सोडा आणि उन्हात वाकडंतिकडं करून पाहा. चमचमणारे तांबूस किंवा रुपेरी कण म्हणजे बेअरिंगचं अस्तर. लोहचुंबकाला चिकटले तर क्रँक, कॅम, रिंग किंवा टॅपेट. फिल्टरचा कागदही चिरून पाहा, घमेल्यापेक्षा तोच जास्त सांगतो.

चेंबर काढायला जागा कमी पडली तर इंजिनाचं पुढचं माउंटिंग सोडून वरून चेनब्लॉकने थोडं उचला. चेंबरखाली जॅक लावून इंजिन उचलू नका, पत्रा दबतो आणि ऑइल ओढणारी जाळी त्याला टेकते. ती जाळी रॉकेलमध्ये धुवा. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हही काढून पाहा: त्यात कचरा अडकला तर बेअरिंग चांगली असूनही प्रेशर पडतं. हे आधी तपासा, दहा मिनिटांचं काम आहे.

या इंजिनाच्या रॉडचं मोठं टोक तिरकस कापलेलं असतं. कॅप आणि रॉड जोडीनेच ओळखायचे, उलटसुलट किंवा अदलाबदल चालत नाही. काढायच्या आधी दोन्हींवर एकाच बाजूला आकडे पंच करा. बेअरिंगची पाटी हातात घेऊन पाहा: एकसारखा राखाडी रंग असेल तर ठीक, तांबं उघडं पडलं असेल किंवा अस्तर सुटलं असेल तर गेली. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. नवा 1.876 इंच असतो. दीड थाऊपेक्षा जास्त लंबगोल झाला असेल तर नुसती नवी बेअरिंग टाकून महिन्याभरात ठोका परत येतो. क्रँक ग्राइंडच करावा लागतो. 10 थाऊ घासला की 1.866, आणि बेअरिंगही 10 ची. 20, 30, 40 पर्यंत मिळतात. बसवल्यावर दीड ते अडीच थाऊची फट हवी. क्रँक नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या मशीन शॉपला द्याल तेव्हा बेअरिंगचा सेट आधी हातात घ्या, मगच ग्राइंडिंग सांगा. आधी घासून घेतला आणि तो साइझ बाजारात मिळाला नाही, असं खूपदा होतं. सुट्या भागांसाठी दिल्लीचं काश्मिरी गेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार अजून उपयोगी पडतात. डबा कंपनीचा असला तरी बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा वाचूनच घ्या.

एंड फ्लोट म्हणजे क्रँकचं पुढे-मागे सरकणं, मधल्या मेन बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरवर अवलंबून. डायल गेज लावून पुली मागे-पुढे ढकला. दोन-तीन थाऊ योग्य. नजरेला दिसेल इतकं सरकत असेल तर वॉशर संपलेत आणि ब्लॉकलाच घासा बसायची भीती.

बिग एंडचे बोल्ट 35 फूट-पौंड, मेनचे 70. लॉकपट्ट्या नव्याच घाला, जुनी वाकवून पुन्हा वापरलेली पट्टी तुटून चेंबरात पडते. प्रत्येक रॉड कसल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहा. एखाद्या रॉडला अचानक जड झाला तर तिथेच थांबा, कॅप उलटी आहे किंवा पाटीखाली कचरा आहे.

कोणी "इंजिनच बदला, डिझेलचं टाका" असा सल्ला दिला तर एक गोष्ट लक्षात घ्या. 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यात पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी बसते. मूळ क्रमांकाचा ब्लॉक भंगारात दिला तर तो परत मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च जास्त वाटला तरी आमचं मत मूळ इंजिन वाचवण्याच्याच बाजूने आहे.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढलेले ठेवा, ऑइल पंपात बसवतानाच व्हॅसलीन भरा, आणि स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवत राहा, प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मगच प्लग लावा. पहिले 500 किलोमीटर वेग 50 च्या आत, चढावर खालचा गिअर, वावराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे धूळ खात चालवणं नको. एअर फिल्टर ऑइलबाथचा असेल तर त्यातलं ऑइल बदललेलंच हवं. काळ्या मातीची बारीक धूळ नव्या रिंगला पहिल्या महिन्यातच खाते. 500 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि सोडलेलं ऑइल पुन्हा घमेल्यात पाहा. हेड उघडलं असेल तर त्याच वेळी थंड इंजिनावर 11 नट क्रमाने पुन्हा कसा. हेड थोडं खाली बसतं, गॅप कमी होतो, म्हणून त्यानंतर आठही टॅपेट पुन्हा 0.015 वर घ्या.